मोरपंखी फोन, काळी स्क्रीन

ताईंना एक फोन घ्यायचा होता. खरं तर गोष्ट एवढीच आहे. माणसं घरं बांधतात, मुलांची लग्नं लावून देतात आणि त्यातूनही धडधाकट बाहेर पडतात. ताईंना तळहाताएवढी एक वस्तू हवी होती, तर तिच्यापायी नवरा-बायकोत अबोला झाला, दिराशी वाजलं आणि एका चकचकीत दुकानात बघ्यांची गर्दी जमली. ताईंना जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटेल की घोळ त्यानेच झाला असणार. साफ चूक. ताईंना दिसत नाही म्हणून आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही. सगळा घोळ झाला तो बाकीच्यांना दिसत होतं म्हणून.

ताई एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होत्या. जिन्याखालची खोली, एक टेबल, एक खुर्ची आणि बटणांचा बोजड बोर्ड. कुठलं बटण दाबलं की कुठल्या वॉर्डात घंटी वाजते हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. आता इस्पितळात फोन करणारा माणूस काही खुशीत नसतो. कुणी रडत असतं, कुणी ओरडत असतं, कुणाला आपण फोन कशाला केला तेच आठवत नसतं. ताई सगळ्यांना एकाच सुरात म्हणायच्या, "हं, बोला, मी आहे." मग फोन जिथं जायला हवा तिथं जायचा. एक आजोबा तर रोज सकाळी फोन करत. त्यांची बायको बऱ्याच दिवसांपासून वरच्या वॉर्डात होती. आजोबांना ऐकू कमी यायचं, बोलायचेही अडखळत, आणि वॉर्डातल्या नर्सेसना तेवढा दम नसायचा. म्हणून ताई आधी स्वतः वॉर्डात विचारून घ्यायच्या आणि मग आजोबांना सावकाश, शब्द सुटा सुटा करून सांगायच्या. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. पण कामात बसत नाही तेच काम, असं त्यांचं मत होतं.

आणि एके दिवशी साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं की बोर्ड निघणार. सगळे फोन आता मोबाइलवरच्या ॲपवर येणार आणि तिथूनच पुढे जोडले जाणार. ताईंनी विचारलं, मग माझं काय? साहेब मनाने चांगले होते, आणि हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. साहेब अगदी मायेने म्हणाले, "ताई, तुम्ही काही काळजी करू नका. पगार चालू राहील. भांडाराशेजारी तुमची खुर्ची टाकून देतो. तुम्ही नुसतं बसा."

नुसतं बसा. ताई दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकणाऱ्या बाई. त्यांना एरवी राग यायचा नाही. पण हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात असे गेले की संध्याकाळपर्यंत निघाले नाहीत. त्यांनी साहेबांना सांगितलं की मी ॲपवर काम करीन. साहेब म्हणाले की इस्पितळाने जे फोन घेतलेत त्यांत स्क्रीन वाचून बोलण्याची सोय धड चालत नाही आणि दुसरे घ्यायची तरतूद नाही. ताई म्हणाल्या, मी माझा आणते. साहेबांनी बराच वेळ कागद इकडचे तिकडे केले आणि मग कबूल झाले: सोमवारी परीक्षा घेऊ. मात्र शेजारी एक कारकून बसेल आणि स्क्रीनवर लक्ष ठेवील, कारण प्रश्न रुग्णांचा आहे. जमलं तर ठीक, नाही तर खुर्ची आहेच.

तर असा तो फोन. वेळ बघायला नाही की नातेवाइकांचे फोटो काढायला नाही. त्या फोनवर ताईंची नोकरी होती, आणि नोकरीपेक्षाही जास्त, सकाळी उठून कुठंतरी आपली वाट बघणारं कुणी आहे, ही गोष्ट होती.

ताईंच्या मागण्या साध्या होत्या. त्या संगणकावर स्क्रीन वाचून दाखवणारी सोय वापरत होत्या, त्यामुळे आपल्याला काय हवं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. वायरचा हेडफोन खुपसायला भोक हवं, म्हणजे रुग्णाच्या भानगडी साऱ्या जिन्याला ऐकू जायच्या नाहीत. बाजूची बटणं बोटाला लागतील अशी उठून आलेली हवीत. फोनचा आवाज भरभर बोलला तरी अडखळायला नको. आणि इस्पितळाचं ॲप त्यावर मुकं व्हायला नको. बस. हे त्यांनी घरी जेवताना एकदा सांगितलं, आणि त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

घरात त्यांचे यजमान. निवृत्त चित्रकला शिक्षक. सारं जग त्यांना सर म्हणतं, म्हणून आपणही म्हणू. बायकोवर जीव, पण तो सतत हाताने दाखवायची सवय. ताईंच्या पुढ्यातला कप ते सरळ करायचे, मग कप सरळ केल्याचं सांगायचे, आणि तोवर ताई नेहमीच्या जागी कप शोधत असायच्या. दुसरे सरांचे धाकटे भाऊ, म्हणजे ताईंचे भाऊजी. भाऊजींना फोनमधलं कळतं असं घरात मानलं जायचं. का, ते कुणालाच आठवत नव्हतं. बहुधा त्यांचा फोन सगळ्यांत महाग होता म्हणून.

भाऊजींचं पहिलं वाक्य असं की स्क्रीन मोठीच घ्यायची. ताईंनी विचारलं, कशाला? भाऊजी म्हणाले की वहिनी, मोठ्या स्क्रीनवर सगळं मोठं दिसतं. क्षणभराने भाऊजींना काहीतरी जाणवलं असावं, पण ते मागे हटणारे नव्हते. म्हणाले, तुम्हाला नाही तर आम्हाला तरी दिसेल. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या होत्या, त्यांनी टॉर्च चांगला असलेला फोन सुचवला. अंधारात बरा पडतो म्हणाल्या. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी जिन्यातच थांबवून कॅमेऱ्याविषयी इतकी माहिती दिली की ताईंच्या हातातली भाजीची पिशवी दोनदा हात बदलून झाली. हेडफोनच्या भोकाचं कुणी नाव काढलं नाही.

मग दुकान. दुकानात थंडगार हवा, गुळगुळीत फरशी, आणि विक्रेता एकदम तत्पर. त्याने ताई, सर आणि भाऊजी अशा तिघांकडे बघितलं आणि सरांना विचारलं, "यांना काय हवंय?"

ताई म्हणाल्या, मला विचारा, मी इथेच आहे. विक्रेता ओशाळला आणि मोठ्याने बोलायला लागला. हाही एक नेहमीचा प्रकार. ताईंना दिसत नाही असं कळलं की लोक त्यांना ऐकू येत नाही असं धरून चालतात. "हा बघा," असं म्हणून त्याने एक फोन पुढे केला, आणि लगेच जीभ चावून म्हणाला, "सॉरी, म्हणजे हा ऐका." ताई म्हणाल्या, बघते, द्या. आणि हातात घेऊन त्यांनी तो बघितला: कडा, बटणं, वजन, खालचं भोक. भोक नव्हतं. दुसरा मागितला.

तेवढ्यात सरांना रंग सापडले होते. निवृत्त चित्रकला शिक्षकाला एका भिंतीवर निळ्याच्या एवढ्या छटा दाखवायला नकोत. "अगं, यात आकाशी आहे, आणि हा बघ, याला ते नुसता निळा म्हणतात, पण हा मोरपंखी आहे, स्वच्छ मोरपंखी." विक्रेता म्हणाला की कंपनी त्याला सागरी निळा म्हणते. सर म्हणाले की कंपनीला रंग कळत नाही. सागरात हिरवा नसतो का, असं विक्रेत्याने विचारलं, आणि झालं, पुढची सगळी चर्चा सागरावर गेली. भाऊजी मधेमधे स्क्रीनची लांबी-रुंदी सांगत होते. ताई एका उंच स्टुलावर बसल्या होत्या आणि आपण फोन घ्यायला आलोय की भिंती रंगवायला, याचा विचार करत होत्या.

शेवटी त्यांनी काउंटरवर थाप मारून सांगितलं की हा फोन बोलता करा. विक्रेत्याने मोठ्या अभिमानाने फोनला आजचं हवामान विचारलं. फोनने सांगितलं. ताई म्हणाल्या की मला हवामान नको, स्क्रीन वाचणारी सोय चालू करा, ती सेटिंग्जमध्ये असते. विक्रेत्याने ती आयुष्यात पहिल्यांदा चालू केली. आता ही सोय चालू झाली की फोनची रीतच बदलते. एकदा बोट लावलं तर तो नुसतं नाव सांगतो. उघडायचं तर दोनदा टिचकी मारायची. हे त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हतं. त्याने बोट लावलं, फोन ओरडला, "कॅमेरा, बटण." त्याने दचकून बंद करायला दुसरीकडे बोट लावलं. "गॅलरी, बटण." आवाज पुरता मोठा होता. तो जितका घाबरून बोटं फिरवेल तितका फोन जास्त बोलू लागला. दुकानातली माणसं गोळा झाली. भाऊजी मदतीला धावले, म्हणजे आणखी पाच बोटं वाढली. सर म्हणाले, बिघडला बहुतेक, हा आपण नको घेऊया. ताईंनी हात पुढे केला, फोन घेतला, दोन टिचक्या मारल्या आणि आवाज बारीक केला. मग त्याला भराभर वाचायला लावून कानाशी धरलं. अडखळत नव्हता. खाली भोक होतं. बटणंही ठीक होती. फक्त अंगाने फारच गुळगुळीत होता, वरची बाजू कुठली ते चटकन कळेना.

"हाच द्या," त्या म्हणाल्या.

तो मोरपंखी निघाला आणि स्क्रीनही मोठी निघाली. त्यामुळे दुकानातून बाहेर पडताना सर आणि भाऊजी दोघेही आपापल्या निवडीवर खूश होते. ताईंनी तोंड उघडलं नाही. कुठं उघडायचं आणि कुठं मिटायचं हे ऑपरेटरला शिकवावं लागत नाही.

खरी दैना घरी सुरू झाली. भाऊजी म्हणाले, वहिनी, तुम्ही बसा, मी सगळं लावून देतो. इथेही बसाच. फोनने कुलपासाठी चेहरा मागितला. ताईंनी समोर धरला. फोन म्हणाला, डोळे उघडे ठेवून स्क्रीनकडे बघा. ताईंनी मान वर केली. फोन पुन्हा म्हणाला, स्क्रीनकडे बघा. पुन्हा, आणि पुन्हा. ताईंना आयुष्यात बरेच अपमान सोसावे लागले होते, पण स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या वस्तूने तोंडावर केलेला हा पहिलाच. त्या पाणी प्यायला आत गेल्या, आणि तेवढ्यात भाऊजींनी सोय म्हणून सरांचा चेहरा लावून टाकला. म्हणजे आता ताईंना कुणाला फोन लावायचा तर आधी नवऱ्याला हाक मारायची. ताईंनी विचारलं, सोमवारी यांना पिशवीत घालून नेऊ का? भाऊजींना खरंच वाटलं की ही अडचण आहे, आणि ते त्यावर विचार करायला लागले.

चेहरा काढून ताईंनी आकड्यांचं कुलूप लावलं. पुढे खातं उघडायचं तर फोनने विचारलं की तुम्ही यंत्र नाही, माणूस आहात हे दाखवा. चित्रांचे चौकोन आले: ज्यांत वाहतुकीचा सिग्नल आहे ते निवडा. ताई सांगत होत्या की ऐकून सोडवायचीही सोय असते, तिथं कानाचं चिन्ह असेल, ते दाबा. पण सर चष्मा पुसून सरसावले होते. चित्र आणि त्यात निवड. इतका चांगला प्रश्न त्यांना निवृत्तीनंतर कुणी विचारला नव्हता. त्यांचं म्हणणं की खांब हाही सिग्नलचाच भाग, रचनेच्या दृष्टीने खांबाशिवाय सिग्नल अधांतरी राहतो. भाऊजी म्हणाले की फक्त दिवे. सरांनी खांब धरला. चूक. पुन्हा चित्रं. सरांनी तत्त्व सोडलं नाही. होता होता फोनने जाहीर केलं की आपण माणूस असल्याची खात्री पटत नाही, उद्या प्रयत्न करा.

"उद्या मी करीन," ताई म्हणाल्या, "आणि खोलीचं दार लावून करीन."

आणि केलं. दार लावून, कान लावून, अर्धा कप चहा संपायच्या आत सगळं झालं. शुक्रवारी इस्पितळातल्या संगणकवाल्याने त्यांच्या फोनमध्ये ॲप घालून दिलं, सरावाचे फोन करून दिले आणि बजावलं की आता सोमवारपर्यंत यात काही बदलू नका, ॲप पुन्हा घालायचं तर वरून मंजुरी आणावी लागते आणि ती आणायला आठवडा जातो. ताईंनी मान डोलावली. सराव छान झाला होता. डाव्या कानात फोन करणारा, उजव्या कानात फोनचा आवाज आणि बोटाखाली सारं इस्पितळ. खूप दिवसांनी त्यांना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

फक्त एक अडचण उरली होती, आणि ती घरातच होती. सर मागे येऊन उभे राहायचे. ताई सराव करत असल्या की खांद्यावरून स्क्रीन बघायचे आणि म्हणायचे, "अगं, ते खाली, डावीकडे, हिरव्या रंगात." कधी नुसतं सांगून भागलं नाही की स्वतःच बोट घालायचे. मग ताई जिथं होत्या तिथून भलतीकडेच जायच्या. त्यांना रागवावं तर प्रेमाने करतात. न रागवावं तर सोमवारी मी काय करू? तेव्हा ताईंनी एक गुपचूप युक्ती केली. वाचणाऱ्या सोयीत एक पडदा असतो. तो पाडला की फोन नीट चालू राहतो, बोलतो, बोट ओळखतो, पण स्क्रीन काळीकुट्ट. बॅटरीही कमी जाते आणि कुणाला डोकावताही येत नाही. ताईंनी पडदा पाडला आणि सरांना सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण ऐकून सरांचं तोंड उतरलं असतं. ते ताईंना दिसलं नसतं, पण त्यांच्या चहाच्या घोटांवरून कळलं असतं.

शनिवारी जुन्या बोर्डावरची शेवटची पाळी होती. ताई नवा फोन चार्जिंगला लावून गेल्या. जाताना म्हणाल्या, याला हात लावू नका. सरांनी हात लावला नसता. पण मधेच वाटलं, चार्ज झाला का ते नुसतं बघावं. बघितलं, तर स्क्रीन काळी. बटण दाबलं, तर त्या काळोखातून आवाज आला, "पासवर्ड टाका." सोमवारी बायकोची परीक्षा, आणि फोन आंधळा झालेला. त्यांनी भाऊजींना बोलावलं. भाऊजींनी फोन उजेडात धरला, उलटा केला, कानाशी लावला आणि निदान केलं: डिस्प्ले गेला, जीव आहे, पण ताबडतोब हलवायला हवा.

ताई घरी आल्या आणि त्यांचा हात टेबलावरच्या ठरलेल्या जागी गेला. तिथं नुसती वायर. सर अगदी आनंदाने म्हणाले, तू काळजी करू नकोस, फोन दुरुस्तीला दिलाय.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सर नंतर कितीतरी दिवस सांगायचे. ताईंनी नुसती काठी उचलली आणि जिना उतरायला लागल्या. मागून सर, सरांमागून भाऊजी, असा तो ताफा दुरुस्तीवाल्याकडे गेला. वाटेत ताईंनी एकच वाक्य उच्चारलं: "त्याला काही झालेलं नव्हतं. स्क्रीन मी बंद केली होती." मागच्या दोघांची पावलं एकदम हळू झाली.

दुरुस्तीवाला माणूस प्रांजळ होता. म्हणाला, काळी स्क्रीन म्हणजे डिस्प्ले, यात बघायचं काय, मी सरळ उघडला. उघडताना आतली एक बारीक पट्टी तुटली. आता मात्र स्क्रीनमागचा दिवा खरोखरच गेलाय. नवीन भाग मागवावा लागेल, आठवड्यात येईल. पैसे घेत नाही, माझीच चूक.

म्हणजे धडधाकट फोन दुरुस्तीला नेऊन यांनी मोडून आणला होता. भाऊजी म्हणाले, नवा घेऊ. ताई म्हणाल्या, ॲप आठवडाभर मिळणार नाही. सर म्हणाले, साहेबांना मी भेटतो, माझी चूक आहे म्हणून सांगतो, ते पुढची तारीख देतील. ताईंना भांडाराशेजारची ती खुर्ची आठवली. तिला हात असतील की नसतील, असाही एक वेडा विचार मनात येऊन गेला.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या.

फोन हातात घेतला. बटण दाबलं. फोन बोलला. आकडे टाकले, कुलूप उघडलं. हेडफोन लावला, तोही ठीक. ॲप उघडलं. वॉर्डांची यादी वाचायला लावली, एकेका नावावर बोट फिरवलं. सगळं जागच्या जागी. टिचकी, आवाज, बटणं, सगळं शाबूत. ताईंनी विचारलं, याला आता काय झालंय म्हणता?

"यात काहीच दिसत नाही हो, वहिनी," भाऊजी काकुळतीला येऊन म्हणाले.

"मग चांगला आहे की," ताई म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये टाकून चालू लागल्या.

रविवार अबोल्यात गेला. सर खोलीच्या दारापर्यंत यायचे आणि परत जायचे. दुपारी एकदाचे आत आले, पलंगाच्या कडेला बसले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणावं अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तुला त्या फोनमध्ये काय हवंय?" ताई म्हणाल्या की हा फार गुळगुळीत आहे, वरची बाजू कुठली ते घाईत कळत नाही. सर उठले, घट्ट रंगाची ट्यूब आणली आणि फोनच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका दिला, वाळल्यावर बोटाला लागेल असा. मग बराच वेळ काही आवाज येईना. ताईंनी विचारलं, काय झालं? सर म्हणाले की पिवळा दिलाय, पण मोरपंखीवर नारिंगी जास्त उठून दिसला असता. ताईंना हसू आवरलं नाही. अबोला तिथं संपला.

सोमवारी जिन्याखालच्या खोलीत बोर्डाची जागा रिकामी होती. ताई खुर्चीत बसल्या, ठिपका वर करून फोन धरला, हेडफोन कानात घातला. साहेब आले, कारकून वही घेऊन शेजारी बसला. त्याने स्क्रीनकडे बघितलं, आणखी जवळून बघितलं, मग साहेबांना म्हणाला, साहेब, फोन बंद आहे. साहेबांनीही वाकून बघितलं. काळोख. त्यांचा तो चांगला, मायेचा आवाज पुन्हा निघाला. म्हणाले की ताई, असू द्या, तुम्ही प्रयत्न केलात, आम्हाला कौतुक आहे.

पुढचं काही ते बोलणार, तोवर ताई म्हणाल्या, "हं, बोला, मी आहे."

साहेबांना वाटलं आपल्यालाच म्हणताहेत. पण ताईंचं बोट त्या काळ्या काचेवर सरकलं, दोनदा टिचकी बसली, आणि वर कुठंतरी बाळंतिणींच्या वॉर्डात घंटी वाजली. लगेच दुसरा फोन. तो एक्स-रेला. तिसरा कुणीतरी ओरडणारा. त्याला ताईंनी आधी ओरडू दिलं, मग विचारलं, पेशंटचं नाव सांगा, आणि जोडून दिला. कारकून स्क्रीनवर डोळे लावून होता, कारण त्याला तेच काम सांगितलं होतं, आणि त्याला स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काहीही दिसत नव्हतं. वहीत काय लिहावं ते त्याला कळेना.

साहेब मात्र पडले साहेब. त्यांना स्वतः खात्री करून घ्यायची होती. म्हणाले, जरा इकडे द्या, नोंद कुठं होते ते बघतो. ताईंनी हेडफोन काढून फोन दिला. साहेबांनी बोट लावलं. "अपघात विभाग, बटण," फोन खोलीभर ओरडला. साहेबांनी दचकून दुसरीकडे लावलं. "स्वयंपाकघर, बटण." "शवागार, बटण." ते फोन उजेडात धरून तिरका करू लागले, कारकूनही त्यात डोकं घालू लागला, आणि तेवढ्यात फोन वाजायला लागला. साहेबांनी उचलायला बोट लावलं, तर फोनने नुसतं सांगितलं, "उत्तर द्या, बटण." साहेबांनी जोर लावून दाबलं. "उत्तर द्या, बटण." जिवाच्या आकांताने त्यांनी पटापट बोटं आपटली, आणि त्यांतली दोन नेमकी जागेवर पडली असावीत, कारण एकदम एक म्हातारा, अडखळणारा आवाज खोलीत आला.

"हॅलो... ताई आहेत का?"

साहेब म्हणाले, आपल्याला कोण हवंय? आजोबांना ऐकू आलं नाही. साहेब मोठ्याने म्हणाले, कुठला वॉर्ड? आजोबा म्हणाले, "ताई नाहीत का आज? रोज त्या सांगतात. ती... ती बरी आहे ना?" साहेबांनी ताईंकडे बघितलं. त्यांच्या हातात एक काळी, बोलणारी वस्तू होती, पलीकडे एक घाबरलेला माणूस होता, आणि त्याला कुठं पोहोचवायचं ते त्यांना अजिबात माहीत नव्हतं. त्यांनी घाईघाईने एक बोट उचललं, कुठं ठेवावं या विचारात ते हवेतच राहिलं.

ताईंनी हात पुढे केला, फोन घेतला आणि बोटाने पिवळा ठिपका शोधला. मग शेजारची कारकुनाची खुर्ची पायाने साहेबांकडे सरकवली आणि अगदी मायेने म्हणाल्या, "साहेब, तुम्ही नुसतं बसा."

आणि फोनमध्ये, सावकाश, शब्द सुटा सुटा करून: "हं, बोला आजोबा. मी आहे."